कोळशाची घरं

"आधी दार सांगा. दार कोणीकडं व्हतं?"

कोणी काहीही सांगायला लागलं, की आमचा पेंटर हाताचा तळवा आडवा धरून त्याला थांबवायचा आणि हा प्रश्न विचारायचा. लग्न ठरलं, म्हैस मेली, भावकीत डोकी फुटली, बातमी कसलीही असो. दाराची दिशा कळल्याशिवाय त्याला पुढचं ऐकू येत नसे. एकदा स्टेशनमास्तरांना मुलगा झाला म्हणून त्यांचा शिपाई पेढे वाटत आला. पेंटरनं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "बाळंतिणीच्या खोलीचं दार कोणीकडं हाय?" शिपायाला सांगता येईना. पेंटरनं दुसरा पेढा घेतला नाही.

अशी एखादी खोड असलेली माणसं तुमच्याही गावात असतील. आपण त्यांना हसतो, आणि त्यांच्यासारखं बोलून दाखवून चारचौघांना हसवतो. आम्हीही तेच करत होतो. त्या प्रश्नाची पुढं भीती वाटायला लागेल असं तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं.

तो साखऱ्याकडचा. कापसाच्या गाड्यांबरोबर हिंगोलीत आला, जिनिंग कारखान्यातल्या गठाणींवर व्यापाऱ्यांच्या खुणा रंगवू लागला, आणि खुणा रंगवता रंगवता पेंटर झाला. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते वापरायची वेळ फक्त पोलिसांवर येई.

मी तेव्हा गावच्या वाचनालयाचा चिटणीस होतो. म्हणजे एका कपाटाची किल्ली माझ्याकडं होती, आणि त्या कपाटाला दोनदा वाळवी लागून गेली होती. आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात. चार माणसांनी एकत्र बसायचं तर सरकारला कारण सांगावं लागे. वाचनालय हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी कारण होतं. वाचणाऱ्या माणसापासून धोका असतो हे सरकारला अजून कळलं नव्हतं, आणि आमच्याकडं पाहून ते कळण्यासारखंही नव्हतं.

वाचनालयाची पाटी रंगवायला पेंटर आला. दार पूर्वेला आहे हे त्यानं आधी विचारून घेतलं, आणि मी निवडलेला निळा रंग नाकारला. "सकाळचं ऊन खाऊन टाकंल त्याला." पाटीवर वर उर्दू आणि खाली मराठी असा नियम होता. तो त्यानं पाळला, फक्त दोन्हीकडची अक्षरं एका उंचीची काढली. पोलिसांचे अमीन पाटी बघायला आले आणि म्हणाले, उर्दू मोठी पाहिजे. पेंटर पुन्हा शिडीवर चढला आणि त्यानं उर्दूतले नुक्ते, म्हणजे अक्षरांवरची टिंबं, तेवढे मोठे केले. अमीन समाधानानं गेले.

त्याला रंग मिळे तो रंगरेज चाचांकडून. मशिदीकडं वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं घर, दार उत्तरेला, पुढं दुकान आणि मागं रंगाच्या कढया. साड्या, पागोटी, मोहरमची निशाणं, दसऱ्याच्या रावणाचे कपडे, सगळं त्या कढयांतून निघे. चाचा जेवायला आत जाताना ओले हात दाराच्या चौकटीवर पुसत. त्यांच्या बापानंही तिथंच पुसले होते. त्यामुळं ती चौकट म्हणजे पंज्यांवर पंजे, किरमिजी, निळे, हळदीचे, एकमेकांवर चढलेले. गावात नवखा माणूस आला तर त्याला पत्ता सांगताना लोक म्हणत, पंज्यांच्या दारावरून डावीकडं वळा.

"चाचा, तुमी दारावर जेवढा रंग पुसला, तेवढ्यात माझ्या दहा पाट्या झाल्या असत्या," पेंटर म्हणे.

"तेरी पाटी पानी में धुल जाती रे. मेरा दरवाजा देख."

चाचांचं खरं होतं. त्यांचा रंग जात नसे. रंग धरून ठेवणारा कातड्याचा सरस उकळताना त्यात तुरटीचं पाणी किती आणि कधी घालायचं हे त्यांच्या हाताला माहीत होतं. पेंटरच्या पाट्या पावसात टिकायला लागल्या त्या चाचांनी त्याला सरस करून द्यायला सुरुवात केली तेव्हापासून.

पेंटर राजकारणात कधी पडला हे मला नक्की सांगता येणार नाही. पडला म्हणण्यापेक्षा भिंतीनंच त्याला त्यात नेलं. सत्याग्रहाचे दिवस होते. कचेरीच्या भिंतीवर एका सकाळी घोषणा दिसली. दुसऱ्या कोणी लिहिली असती तर सापडला नसता, पण अक्षर इतकं देखणं होतं की अमीन सरळ पेंटरच्या खोलीवर गेले. तो सुटून आल्यावर मी त्याला म्हणालो, जरा वाकडंतिकडं लिहायचं होतं. तो गंभीरपणे म्हणाला, "तसं लिहाया मला कुणी शिकवलं न्हाई."

तुरुंगात त्याला भटारखान्यात काम होतं. तिथल्या कोळशानं त्यानं भिंतीवर घरं काढली. स्वतःचं नव्हे, बराकीतल्या कैद्यांची. एकेकाला जवळ बसवून तो विचारी, दार कोणीकडं, ओटा केवढा, चूल कुठं, बैल कुठं बांधता. आणि त्या माणसाच्या डोळ्यादेखत त्याचं घर भिंतीवर उभं राही. त्याच्याबरोबर असलेल्या एकानं मला सांगितलं की बाकीच्या शिक्षेनं न रडलेले लोक तिथं रडले. जेलरनं भिंतीला चुना मारायला लावला. पेंटरला त्याचा आनंदच झाला. काळ्या भिंतीपेक्षा पांढऱ्या भिंतीवर कोळसा चांगला उठतो.

मग महायुद्ध आलं. आमच्याकडं ते पहिल्यांदा चाचांच्या दुकानात दिसलं. विलायती पुड्या यायच्या बंद झाल्या. आधी जांभळा गेला, मग हिरवा, मग तो चांगला किरमिजी. डब्यांची झाकणं उघडून चाचा वास घेत आणि पुन्हा लावून टाकत. त्यांचे हात हळूहळू हातांच्या रंगाचे झाले. पेंटरच्या पाट्या आधी दोन रंगी, मग एक रंगी झाल्या, आणि शेवटी त्याच्याकडं कोळसा आणि चाचांचा सरस एवढंच उरलं. त्याची त्यानं तक्रार केल्याचं आठवत नाही. उलट जे जात नाही ते आपलं, असं काहीतरी तो एकदा पुटपुटला होता.

देश स्वतंत्र झाला आणि आमचं संस्थान बाहेर राहिलं. त्यानंतरचं वर्ष कसं गेलं हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. खाकी कपडे घातलेल्या टोळ्या हिंडू लागल्या. त्या स्वतःला स्वयंसेवक म्हणवत, आणि सरकार त्यांना अडवत नसे. आम्ही त्यांना खाकीवाले म्हणत असू. एखाद्या गावावर धूर दिसे. दुसऱ्या दिवशी त्या गावची माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात शिरताना दिसत. नदीच्या पलीकडं आपल्या लोकांनी छावणी टाकली होती. पेंटर तिकडं गेला. काही दिवसांनी मीही गेलो. कपाटाची किल्ली खिशात राहिली ती तशीच आली.

छावणीत पेंटरनं पुन्हा घरं काढायला घेतली, आता मांजरपाटाच्या मोठ्या तुकड्यांवर. छावणी चालवणाऱ्या आमच्या समितीचे एक अध्यक्ष होते. त्यांची प्रकृती नाजूक, त्यामुळं ते लांबच्या शहरात राहत आणि अधूनमधून छावणीला भेट देत. ही चित्रं सभांतून दाखवता येतील हे त्यांच्या पहिल्याच भेटीत लक्षात आलं. कापडाची व्यवस्था त्यांनी केली. त्याचं श्रेय त्यांना द्यायला पाहिजे, आणि ते कोणी विसरू नये याची काळजी ते स्वतः घेत.

पहिलं चित्र नदीकाठच्या एका मावशीच्या घराचं. तिनं सगळं सांगितलं. दार, चूल, जातं. पेंटरनं छावणीच्या भटारखान्यातला कोळसा कुटून घर काढलं. मावशीनं काजळी बोटाला लावून पाहिली.

"बराबर हाय," ती म्हणाली. "पण हे माझं घर न्हाई. हे तुमच्या चुलीतलं लाकूड हाय."

ती उठून गेली. दोन दिवस ती कुठं आहे कोणाला माहीत नव्हतं. परत आली तेव्हा पातळ गुडघ्यापर्यंत ओलं आणि पदराच्या गाठीत कोळशाचा एक तुकडा. नदी उतरून, जळलेल्या गावात जाऊन, स्वतःच्या चौकटीचा कोळसा तिनं आणला होता. त्या बाजूला खाकीवाले अजून फिरत होते. पहिलं चित्र, सरस यायच्या आधीचं, पेंटरनं धुऊन काढलं आणि तिच्या कोळशात पुन्हा काढलं.

तेव्हापासून तो नियम झाला. ज्याचं घर त्याचा कोळसा. पळून येणारी माणसं भाकरी विसरत, भांडी विसरत, पण कोळसा आणत. पेंटर तो कुटे, वस्त्रगाळ करे, आणि मडक्यात भरून मडक्याचं तोंड बांधून ठेवी. सुरुवातीला मडकी त्याच्या अंथरुणाच्या उशाशी मावत. मग भिंतीला लागली. मग त्याचं अंथरूण बाहेर आलं आणि खोली मडक्यांची झाली.

चित्रांत माणूस नसे. आग नसे. घर जळण्याआधी जसं होतं तसं, दार उघडं, चुलीवर तवा. फक्त ते ज्या कोळशानं काढलेलं असे, तो त्या घराचाच पुढं झालेला होता. त्या चित्रांसमोर उभं राहिलं की आपण फार लवकर आलो आहोत आणि फार उशिरा आलो आहोत, असं दोन्ही एकदम वाटे. माणसं का काढत नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "माणसं पळाली. जे जळालं तेच मी काढून राहिलो."

तो बदलत चालला होता, आणि तो दार विचारायला लागला की आता माणसं दचकत. आता तो उभ्या घराकडंही त्याच नजरेनं बघे. एकदा नदीपलीकडच्या माझ्या बिऱ्हाडी आला, तुराट्यांच्या कुडाकडं पाहिलं, आढ्याकडं पाहिलं, आणि अगदी मनापासून म्हणाला, "कोळसा चांगला व्हईल याचा." माझ्या बायकोनं त्याला चहा दिला, पण तो गेल्यावर उंबऱ्यावर पाणी टाकलं.

सरस मात्र चाचांचाच. तो कसा येई हे आम्हाला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं. चाचा हिंगोलीतच होते. सरसाचा वास लपत नाही, म्हणून ते तो कच्च्या कातड्यांच्या गाडीत घालून नदीकडं पाठवत. त्या गाडीत काय आहे हे नाकाला धोतर लावून तपासायची कोणाची तयारी नसे. तरी एकदा खाकीवाल्यांना चाहूल लागली. त्यांनी चाचांना विचारलं, एवढा सरस कोणासाठी? चाचा म्हणाले, सुतारांसाठी. त्यांनी चाचांना त्यांच्याच दारापुढं भर उन्हात उभं केलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. चाचांनी सुतार बदलला नाही. पुढच्या गाडीत सरस आला. जळलेल्या गावांची ती चित्रं पाण्यापावसात, सभांमधून, बैलगाड्यांवरून फिरून टिकली ती या माणसाच्या तुरटीमुळं.

भादव्यात भारताचं सैन्य आलं. आम्हाला वाटलं होतं युद्ध होईल. झालंही असेल; आमच्यापर्यंत पोचायच्या आत संपलं. लोक रस्त्यावर नाचत होते. मीही नाचलो असं बायको सांगते. आम्ही परत निघालो. पेंटर गाडीत मडकी घालून मागून हळूहळू येत होता, कारण मडकी फुटू द्यायची नव्हती.

पितृपंधरवडा लागला होता. वर्षभर ज्यांनी काही केलं नव्हतं, त्यांना आता काहीतरी करून दाखवायचं होतं. खाकीवाले पळून गेले होते. त्यांची उणीव जवळच्या लोकांवर भरून काढण्यात आली. मशिदीकडची गल्ली दिवसाढवळ्या जळाली. कोणी जाळली हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी कोणाला विचारलं नाही.

पेंटरची गाडी आली तेव्हा चाचा जळालेल्या घरासमोरच्या दगडावर बसले होते. अंगावर धुतलेले कपडे. मुलं, सुना आदल्या दिवशीच हैदराबादला नातेवाइकांकडं गेली होती. चाचांनी खिशातून रुमाल काढला आणि गाठ सोडली.

"ले. तेरा कायदा है ना."

आत कोळसा होता. पेंटरनं रुमाल दोन्ही हातांनी घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दार विचारलं नाही.

चित्र त्यानं आमच्या वाचनालयाच्या ओसरीत काढलं. पाटी शाबूत होती, वाळवीही. दुकान गेल्यामुळं सरस नव्हता, तुरटी नव्हती. पेंटरनं कयाधू नदीच्या काठच्या बाभळीचा डिंक काढून आणला. चाचा शेजारी बसून बघत होते. ते म्हणाले, "डिंक? पानी लगा तो बह जाता ये."

"दसऱ्यापुरतं टिकू द्या. मग सरस आणून पुन्हा काढतो."

दसऱ्याला गावच्या मैदानावर चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. अध्यक्ष उद्घाटन करणार होते. चाचांनी कापडाचा काठ बोटांनी चाचपला. मग, जणू कापडाचा भाव सांगत असावेत इतक्या सहज म्हणाले, "सुन रे पेंटर. मेरा घर उन घरां के बाजू में टंग्या, तो मैं इधरीच रैता. नै टंग्या तो बच्चे बुला रे. चला जातूं."

पेंटरनं मान डोलावली आणि चौकट काढायला घेतली. ती त्यानं सगळ्यात शेवटी काढली, पंज्यावर पंजा, सगळे काळे. ओसरीसमोरून जाणारी माणसं एकदा बघत आणि पावलं उचलत.

आमच्या गावचा दसरा मोठा. पाळणे, मिठाई, रावण. त्या वर्षी मैदानाकडेच्या जिनिंगच्या लांब भिंतीवर चित्रं ओळीनं लावली होती. पेंटरनं चाचांचं घर ना पहिलं लावलं ना शेवटचं. मधोमध, मावशीच्या घराशेजारी. दुरून पाहिलं तर एका आळीतली घरं वाटत होती.

खेड्यांतून आलेली माणसं चित्रांपुढं थांबत. गावातली माणसंही थांबत, पण मधल्या त्या एका चित्रापाशी आली की पाण्यानं दगडाला वळसा घालावा तशी बाजूनं निघून जात. पंज्यांचं दार ओळखायला कोणाला चष्मा लागत नव्हता. अध्यक्षांना मात्र ते ओळखू आलं नाही. ते कित्येक वर्षांत हिंगोलीत राहिले नव्हते. नेमक्या त्या चित्रापुढं मोकळी जागा दिसली म्हणून ते तिथं उभे राहिले आणि भाषण सुरू केलं. चित्राकडं हात करून ते म्हणाले की हे दार बघा, या चौकटीवर हे कोणा निष्पाप लेकरांचे हात उमटले आहेत, आणि ज्या नराधमांनी या घराला आग लावली त्यांना इतिहास क्षमा करणार नाही. भाषण खरोखर चांगलं होतं. अध्यक्षांच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकमेव सत्यवचन, आणि ते त्यांच्याकडून चुकून निघालं. समोरच्या रांगेतली काही तरुण मंडळी आपल्या पायांकडं बघत होती.

मग एक कार्यकर्ता त्यांच्या कानाशी लागला. वाक्य अर्धं राहिलं.

चाचा तिथंच होते. डोक्यावर नवी टोपी, हात मागं बांधलेले. अध्यक्षांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग पेंटरला बाजूला बोलावलं. मी जवळच होतो.

"हे चित्र इथं कसं?"

"खिळ्यावर," पेंटर म्हणाला.

"चेष्टा नको. हे त्यातलं नाही."

"कोळसा त्यातलाच हाय, साहेब."

"अहो, जाळणारे वेगळे होते."

"ते मला काढता येत न्हाई. मला दार तेवढं येतं."

अध्यक्ष वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. लोकांच्या जखमा ताज्या आहेत, आज नको, पुढं बघू, असं ते समजुतीच्या सुरात म्हणाले. 'पुढं बघू' हे आमच्या नव्या राज्यात फार लवकर मुरलं. मी मध्ये बोललो. म्हटलं, या सगळ्या चित्रांचा सरस याच माणसानं पाठवला होता, उन्हात उभा राहून. अध्यक्षांनी माझ्याकडं वळून विचारलं, "कसला सरस?"

इकडं ती मावशी प्रत्येक चित्राच्या खालच्या काठाला हळदकुंकू लावत येत होती. ती त्या चित्रापाशी पोचली. कोणीतरी म्हणालं, मावशी, ते नको, ते रंगरेजाचं हाय. तिचा हात थांबला. तिनं चाचांकडं वळून विचारलं, "चूल व्हती का आत?"

"थी, बहन."

"कोणीकडं?"

"दरवाजे के सामनेच."

मावशीनं बोट कुंकवात बुडवलं आणि कापडाला लावलं. पुढच्या चित्राकडं गेली.

पण निर्णय मावशीच्या हातात नव्हता. रावण पेटायच्या आत दोन कार्यकर्त्यांनी शिडी लावून चित्र उतरवलं. पेंटर शिडीच्या पायाशी उभा होता. त्यानं शिडी धरली नाही आणि ओढलीही नाही. उतरलेल्या जागी भिंतीवर दोन खिळे राहिले. चाचांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "चल्तूं रे."

आम्ही दोघं त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. सामान म्हणजे एक वळकटी. पेंटरनं वळकटीची दोरी सोडून पुन्हा आवळली. शेवटी चाचाच म्हणाले, "तू तो टंगाया ना. बस."

गाडीनं शिट्टी दिली तेव्हा पेंटरनं विचारलं, "चाचा, तिकडच्या घराचं दार कोणीकडं हाय?"

चाचांनी खिडकीच्या गजावरून हात काढून घेतले. "किधर भी रहने दे," ते म्हणाले. "उस पे हात नै पोंछने का मैं."

दुसऱ्या दिवशी पेंटर चित्र परत मागायला गेला. सरस मिळवतो, पुन्हा नीट काढतो, म्हणाला. त्याला सांगण्यात आलं की कापड समितीचं आहे आणि सगळी चित्रं जपून ठेवली आहेत. तो वाद घालत बसला नाही. त्यानंतर त्यानं गावात कोणाला दार विचारल्याचं मी ऐकलं नाही. लोक बातम्या सांगत आणि मध्ये थोडं थांबत, सवयीनं. तो नुसता ऐकून घेई. आणि एका सकाळी त्याची खोली उघडी दिसली. भिंतीला लागून मडकी होती, तोंडं बांधलेली. अंथरूण नव्हतं. पूर्णेच्या स्टेशनावर तो दिसला असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, पैनगंगेकडं जाताना. मला दोन्ही खरं वाटलं नाही, आणि तिसरं काही सुचलं नाही.

त्या साली पाऊस दिवाळी उलटली तरी रेंगाळत होता. नव्या राज्याचे कोणी बडे अधिकारी हिंगोलीला यायचे ठरले. समितीनं स्टेशनच्या रस्त्यावर कमान उभारली. कापडाचा तेव्हा दुष्काळ होता. जपून ठेवलेल्या चित्रांमधलं एक रिकामंच पडलं होतं, दाखवायचं नसलेलं. ते उलटं करून कमानीवर ताणण्यात आलं, आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्या एका पेंटरनं लाल अक्षरात 'स्वागतम्' लिहिलं. अक्षर साधारण होतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सर येऊन गेली. फार नाही, तासभराची. आम्ही सगळे हार घेऊन उभे होतो. प्रथम कोणीतरी वर पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. 'स्वागतम्'च्या अक्षरांमधून काळं उतरत होतं. डिंक सुटला होता. एक डाग, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, उभ्या दोन ओळींत. ते पंजेच होते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ओलं कापड, ओला कोळसा, त्यात काय काय दिसतं. पण आमच्या गावच्या माणसांनी माना खाली घातल्या, आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही.

मोटार आली. अध्यक्ष हार घेऊन पुढं झाले. पाहुणे कमानीखाली थांबले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर एक थेंब पडला. त्यांनी तो हातानं पुसला, हाताकडं पाहिलं, आणि पुसायला जागा शोधू लागले.

आता दार विचारणारा गावात राहिला नव्हता. पण सवय लागली होती, म्हणून मी सूर्याकडं बघून दिशा धरली. कमानीचं तोंड उत्तरेला होतं. चाचांच्या दारासारखंच.